कपवालो

अण्णांना कपाची किंमत विचारली, की ते फेल्डस्पारपासून सुरुवात करतात. फेल्डस्पार झाला की सिलिका, सिलिका झाली की चिनी माती, नंतर १२२० अंशांवर या सगळ्यांची काच कशी होते, त्यात तांबं घातलं तर रंग हिरवा का येतो आणि भट्टीतला प्राणवायू तोडला तर तेच तांबं लाल का होतं. गिऱ्हाईक एव्हाना या पायावरून त्या पायावर होत असतं. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज येतो, "नऊशे!" अण्णांना याचा फार राग येतो. किंमत कळली की माणूस ऐकायचं थांबतो, अशी त्यांची तक्रार आहे. तक्रार खरी आहे.

दुकान दिवाडी बेटावर आहे. अण्णा त्याला स्टुडिओ म्हणतात, वहिनी पुढची खोली. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून नदीकडे उतरलं, की फेरीबोटीचा धक्का लागतो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. रायबंदरहून दुसरी फेरी सुटते आणि बेटाच्या पलीकडच्या अंगाला नार्व्याहून तिसरी. मांडवीवर इतके पूल झाले, दिवाडीला मात्र नाही. बेटावर याविषयी मतं वेगवेगळी आहेत. अण्णांचं मत पक्कं आहे: पूल झाला, की कला मेली. पुलाचा आणि कलेचा संबंध काय, तर फेरी चुकलेला माणूस कुठेही जाऊ शकत नाही.

फेरी सुटल्याचं त्यांना घरबसल्या आवाजावरून कळतं. इंजिनाची घरघर वाढली, लोखंडी फळी उचलल्याचा खडखडाट झाला, की ते चाकावरून उठतात, हात धुतात आणि बाहेर येतात. जुन्या गोव्यातली चर्चं बघून 'आलोच आहोत तर बेटही बघू' म्हणून भाड्याच्या स्कूटरवर इकडे आलेलं एखादं जोडपं तेव्हा परतीच्या वाटेवर असतं. "गेली," अण्णा हसतमुखाने सांगतात, "आता पुढची येईपर्यंत बसा. ग्लेझ म्हणजे काय, ते सांगतो." फेरीवर काम करणाऱ्या पोरांनी त्यांचं नाव 'कपवालो' ठेवलं आहे. अण्णा फेरीत चढताना दिसले, की "कपवालो येता" असं एकमेकांना सांगून ती मोबाईल कानाला लावतात. फोन आलेला नसतो.

अण्णा मूळचे चिंचवडचे. तिकडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय आयुष्यात त्यांनी काही घेतलेलं नाही. लग्नाच्या वेळीही तीन मुली पाहिल्या होत्या आणि वहिनी एल-वन ठरल्या, असं ते चारचौघांत सांगतात. वहिनींची दुरुस्ती अशी, की बाकीच्या दोघींनी निविदाच भरली नव्हती. पुरवठादाराला बिनचहाचं दोन तास बाहेर बसवलं, की दर आपोआप खाली येतो, हे अण्णांचं जुनं शास्त्र. तोच माणूस आज एखाद्या बाईने "दोन घेतले तर कितीला द्याल?" असं साधंसं विचारलं, की दुखावून खिडकीबाहेर बघत राहतो.

यात सगळ्यात जास्त दुखावतात ती आपली माणसं. नार्व्याचं सप्तकोटेश्वर, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, ते बघायला महाराष्ट्रातून बरीच मंडळी येतात. मूळ देऊळ दिवाडी बेटावरच होतं, हे कळलं की त्यांतली काही फेरी धरून इकडे उतरतात. अण्णा मराठी ऐकून हरखतात. इतके दिवस इंग्रजीत कोंडलेला फेल्डस्पार मोकळा होतो. मंडळी अर्धा तास मनापासून ऐकतात, मधेमधे 'वा' म्हणतात, आणि सगळं ऐकून झाल्यावर त्यांतले एक काका कप उलटा करून विचारतात, "तुळशीबागेत हाच केवढ्याला मिळेल?"

वहिनी पालिकेच्या शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनी किती मुलं बसवली याचा हिशेब त्यांनाही नाही, पण नोकरी सुटली तरी श्रेणी देण्याची सवय सुटली नाही. अण्णांनी चाकावर केलेली पहिली फुलदाणी त्यांनी हातात घेऊन चहूबाजूंनी पाहिली आणि म्हणाल्या, "सी. पण मुलाने प्रयत्न केलाय."

अण्णा शिकले कुठे, हा नाजूक विषय आहे. पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये 'गोल्डन ब्रिज पॉटरी' सुरू केली. आज देशात स्टुडिओत काम करणाऱ्या कितीतरी चांगल्या कुंभारांची मुळं तिथे निघतात. अण्णा बोलताना "आम्ही पाँडीला होतो तेव्हा…" अशी वाक्यं सोडतात आणि ऐकणारा आपापला निष्कर्ष काढतो. पाँडीला ते कारखान्यातल्या मित्रांबरोबर सहलीला होते, आणि पॉटरी त्या दिवशी बंद होती, एवढं वहिनी पाणी आणून देताना सांगतात. खरं शिक्षण झालं ते एका शिबिरात आणि बर्नार्ड लीचच्या पुस्तकावर. लीचने जपानहून परत येऊन १९२० मध्ये शोजी हमादाच्या साथीने इंग्लंडच्या टोकाला, सेंट आइव्ह्‌जमध्ये भट्टी लावली आणि १९४० मध्ये 'अ पॉटर्स बुक' लिहिलं. अण्णांची प्रत देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असते. तिच्या पानापानावर मातीचे अंगठे उठले आहेत. लीचचा मित्र यानागी सोएत्सु म्हणायचा, की खरं सौंदर्य अनाम कारागिराच्या हातून उतरतं. ज्याला नाव गाजवायचं नसतं, त्याच्या भांड्यात जीव असतो. अण्णा हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज जड होतो. मी एकदा हातातला कप उलटा करून पाहिला. तळाला अण्णांच्या नावाचा शिक्का होता, त्याशेजारी कोरलेली सही, सहीखाली तारीख, आणि उरलेल्या जागेत 'दिवाडी, गोवा'. पाय घासायला जागा उरली नव्हती.

तरी कपाविषयी बोलायचं तर न्यायाने बोललं पाहिजे. अण्णांचे कप जड असतात. चहा भरला की मनगटाला कळतं. पण त्यांची किटली उत्तम आहे. किटलीच्या तोटीतून चहा ओतून झाला की शेवटचा थेंब खाली ओघळून टेबलावर पडतो, हे किटल्यांचं जगभरचं दुखणं. अण्णांनी तोटीची कड आतून तासून, बोटाच्या नखाएवढी धार काढून तो थेंब परत आत वळवला आहे. मी त्यांच्याकडे दरवेळी तोच प्रयोग बघतो आणि टेबल कोरडं राहतं. झाकणं एका फिरवणीत बसतात. माणूस बोलतो त्यापेक्षा त्याचे हात शहाणे आहेत.

दुकानात वहिनींची भेटकार्डंही असतात. त्यांचं असं झालं, की बेटावरच्या पहिल्या पावसाळ्यात वहिनींना काही उद्योग नव्हता. लिनोलियमचा एक जुना तुकडा त्यांनी पुण्याहून येताना सामानात टाकला होता. त्यावर त्यांनी फेरीबोट कोरली, रोलरने काळी शाई लावली, वर कागद ठेवला आणि लाकडी चमच्याच्या पाठीने घासून छाप काढला. छापखाना म्हणून जो काही आहे, तो हाच. पुढे शेतातले बगळे आले, जुन्या घराचं बलकांव आणि त्यात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी आली, पिएदादच्या टेकडीवरचं चर्च आलं. कार्ड आतून कोरं. "काय लिहायचं ते ज्याचं त्याने लिहावं, मी फळ्यावर लिहून देणार नाही," असं त्यांचं धोरण आहे. कार्ड ऐंशी रुपयांना, पाकिटासकट.

अण्णांच्या लेखी हा विरंगुळा होता. स्टुडिओत त्यांनी कार्डांना कोपरा दिला, खिडकीपासून लांबचा. वहिनींनी आठवडाभर नुसतं बघितलं. कोण येतं, कुठे थांबतं, काय उचलतं, कुठे हात मागे घेतं. शाळेत परीक्षेच्या वेळी वर्गात फेऱ्या मारायची सवय कामी आली. त्यांचं निरीक्षण असं: आत आलेला माणूस अण्णांचं ऐकतो. ऐकताना त्याच्यावर उपकार चढत जातात. त्याने पाणी प्यायलेलं असतं, कधी बाथरूम वापरलेलं असतं, मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो. आता नऊशेचा कप घ्यायची त्याची तयारी नसते, शिवाय तो विमानात सांभाळून न्यायचा. पण असं रिकाम्या हाताने उठून कसं जायचं? दाराशी त्याची पावलं मंदावतात. "त्या मंदावण्यात कार्डं ठेवायची," वहिनी मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कार्डांचा स्टँड दाराच्या चौकटीला लागून, छातीच्या उंचीवर उभा राहिला. कार्ड फुटत नाही, त्याला वजन नाही, ते पर्समध्ये मावतं आणि त्याने लाज झाकते. लोक एकाऐवजी तीन घेतात.

म्हणून तर अण्णांचं फेल्डस्पारवरचं व्याख्यान वहिनींनी कधी थांबवलं नाही. नऊशेचा आकडा त्या ओरडून सांगतात तो उतावीळपणाने, असं मला आधी वाटायचं. त्याची वेळ पाहा: व्याख्यान पुरेसं झालेलं असतं, उपकार पुरेसे चढलेले असतात, आणि फेरी पलीकडून निघालेली असते. कारखान्यात पुरवठादारांना ताटकळत ठेवून अण्णांनी जे साधलं, ते इथे त्यांच्याच तोंडून त्यांच्या नकळत साधलं जातं. विजेचं बिल कार्डं भरतात. मातीचे पैसेही बहुधा कार्डंच भरतात. महिन्याचा हिशेब वहिनी एका वहीत लिहितात आणि अण्णा ती वही मागत नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर नटबोल्टचं कॉस्टिंग पैशापर्यंत काढलं, तो आपल्या कपाचं कॉस्टिंग काढायला तयार नाही, यावरून त्याला उत्तर ठाऊक असावं असा माझा संशय आहे.

भट्टी विजेची आहे. आकाराने फ्रिजपेक्षा लहान, पण घरातला मान सासूबाईंचा. ती पेटलेली असली, की मिक्सर, इस्त्री आणि गिझर यांना परवानगी नाही. कच्ची भांडी आधी हजार अंशांच्या आसपास भाजायची, मग ग्लेझमध्ये बुडवून, तळ ओल्या स्पंजने स्वच्छ पुसून दुसऱ्यांदा १२२० पर्यंत न्यायची. तळ पुसायचा राहिला तर भांडं फळीला चिकटतं आणि छिन्नीनेच सुटतं. बाहेरून बघायला एक भोक आहे. त्यासमोर आत मातीचे तीन छोटे शंकू ओळीने उभे केलेले असतात. एक थोड्या कमी उष्णतेला वाकतो, एक बरोबर हव्या त्या, तिसरा जास्तीला. मधला वाकला की भट्टी बंद. अण्णा गडद काचेचा चष्मा लावून दर दहा मिनिटांनी भोकात डोकावतात.

"वाकला का?" वहिनी विचारतात.

"अजून ताठ आहे."

"तुमच्यावर गेलाय."

खरी परीक्षा पुढे असते. भट्टी बंद केली, की ती आपल्या आपण निवू द्यायची. दिवसभर, कधी दीड दिवस. शंभर अंशांच्या खाली उतरल्याशिवाय झाकण उघडू नये, हे नवशिक्यालाही सांगतात. अण्णा रात्रभर पलंगावर कूस बदलतात, पहाटे चारला उठतात, आकडा बघतात, परत झोपतात, परत उठतात आणि दोनशेच्या आसपास त्यांचा निग्रह संपतो. झाकण बोटभर उचलून ते खाली विटेचा तुकडा सरकवतात. 'फक्त वाफ जायला.' गार हवा आत शिरते आणि भट्टीतून आवाज येतो: टिंग.

"एक," स्वयंपाकघरातून वहिनी.

टिंग.

"दोन."

अण्णा झाकण खाली टाकतात. पण उशीर झालेला असतो. माती आणि वरची काच एकाच मापाने आकसत नाहीत आणि घाईने गार केलं तर काच तडकते, जाळीसारख्या बारीक रेघा उमटतात. वहिनींचे आकडे आणि नंतर बाहेर निघालेले तडकलेले कप यांचा मेळ नेहमी बसतो. अण्णा या कपांना वेगळ्या फळीवर ठेवतात आणि त्यांची किंमत बाराशे लावतात. सोंग राजवटीत चिनी कुंभार अशा रेघा मुद्दाम उमटवत, हे खरं आहे. अण्णा ते सांगतात. मुद्दाम हा शब्द ते जरा जोर देऊन उच्चारतात.

एखादा कप पार दुभंगला, तर जपानी लोक तुटलेलं भांडं लाखेत सोनं मिसळून सांधतात आणि सांधा मिरवतात, याची गोष्ट निघते. लाख आणि सोनं अण्णांकडे नाही. एपॉक्सी आहे आणि गणपतीच्या मखरातून उरलेला सोनेरी पोस्टर कलर आहे. तसा एक कप मी वापरून पाहिला आहे. चहा गरम होता तोवर सांधा ठीक होता, आणि चहा संपेपर्यंत सोनंही संपलं.

मातीच्या बाबतीत मात्र अण्णांच्या मनाला एक टोचणी होती. कपाबरोबर जी चिठ्ठी जाते तिच्यावर 'दिवाडीच्या मातीतून' असं छापलेलं आहे. माती येते खुर्ज्याहून, पोत्यांतून. ती फेरीत चढते तेव्हा सगळं बेट बघतं. कोणीतरी परदेशी पाहुणीने एकदा फार भाबडेपणाने विचारलं, "हीच का ती इथली माती?" अण्णा 'हो' म्हणाले, आणि त्या रात्री झोपले नाहीत.

सकाळी ते बादली घेऊन खाजन शेतांकडे गेले. भरतीचं खारं पाणी बांध आणि मानशीची दारं घालून अडवलेली ही शेतं. बांधाच्या पायथ्याला काळसर चिकण माती भरपूर. दोन बादल्या आणल्या. वाळवली, कुटली, चाळली, भिजवली, कापडावर पसरली. चाकावर ती इतकी छान उठली, की अण्णांनी एका बैठकीत अठरा कप केले, कान लावले, वाळवले, आणि उत्साहाच्या भरात नेहमीच्याच १२२० ला भट्टी लावली. या वेळी झाकण उघडायची घाई केली नाही. एकही टिंग झालं नाही. वहिनींनाच ते विचित्र वाटलं.

उघडल्यावर कळलं. अठरा कपांचा मिळून एक पदार्थ झाला होता. तपकिरी, चकचकीत, बुडबुडे आलेला, भट्टीच्या फळीला कायमचा जडलेला. काही कपांचे कान तेवढे वर राहिले होते. वहिनी बराच वेळ बघत होत्या. "विषय: पूर," त्या शेवटी म्हणाल्या, "श्रेणी ए."

साधी लाल-काळी माती हजाराच्या आसपास पक्की होते. त्याच्या फार वर नेलं, तर तिच्यातलं लोखंड आणि क्षारच तिला वितळवतात. खुर्ज्याहून येते ती उष्णता सोसणारी मिसळलेली माती असते. हे पुस्तकात आहे. अण्णांच्या अंगठ्याचा ठसाही नेमका त्या पानावर आहे. तरी 'इथल्या कुंभारांना विचारू' म्हणून ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले. मी बरोबर होतो. डिचोलीकडची लाल मडकी, चुली, कुंड्या मांडून एक म्हातारी बसली होती. अण्णांनी तिला नमस्कार करून खिशातून आपला एक कप काढला आणि, एक कुंभार दुसऱ्याला दाखवतो तसा, तिच्या हातात दिला. तिने तो नखाने वाजवला. कप खणखणला. तिने मान डोलावली. अण्णा फुलले.

"कितल्याक?"

"नवशें."

म्हातारीने शेजारच्या मिरचीवालीला हाक मारून आकडा सांगितला. मिरचीवालीनेही कप हातात घेऊन वजन बघितलं. म्हातारी परत अण्णांकडे वळली. "हातूंत शीत रांदपाक जाता?"

यात भात शिजतो का, हा प्रश्न आजवर अण्णांना कोणी विचारला नव्हता. "ना," ते म्हणाले.

"मागीर?"

फेल्डस्पारपासून सुरुवात करावी असं अण्णांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं, पण त्यांनी केली नाही. खाऱ्या मातीला फार आग सोसत नाही, हे म्हातारीने न विचारता एका वाक्यात सांगितलं आणि एक मडकं त्यांच्या हातात ठेवलं. अण्णांनी किंमत न विचारता ते घेतलं. तीन कोटेशनांशिवाय केलेली ही त्यांची बहुधा एकमेव खरेदी. उन्हाळ्यात त्या घरात पाणी त्याच मडक्यातलं पितात, कारण अण्णांच्या पक्क्या भाजलेल्या सुरईतून पाणी पाझरत नाही आणि म्हणून गारही होत नाही. सुरईत वहिनी रोलर आणि ब्रश ठेवतात.

पावसाळ्यात दोघांचाही धंदा ओला होतो. जून ते सप्टेंबर अण्णांचे कच्चे कप वाळत नाहीत. बाहेरून कोरडे वाटतात, गालाला लावले की गार लागतात. म्हणजे आत पाणी आहे. तसेच भट्टीत घातले, तर पाण्याची वाफ होऊन कप फुटतो आणि शेजाऱ्यांना घेऊन जातो. अण्णा टेबलफॅन लावतात, दिवे लावतात आणि वहिनींची पाठ वळली की स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये एक ताट सरकवतात. नाताळचा केक तीच माती खाऊन मोठा झाला आहे, असं वहिनींचं म्हणणं.

वहिनींचं संकट निराळं. हातकागद ओल धरून वळतो आणि पाकिटं स्वतःच्या स्वतः बंद होतात. गोंदाला हवेतला दमटपणा पुरतो. जुलैत एका सकाळी त्यांनी खोका उघडला, तर सगळी पाकिटं चिकटलेली, आत काहीच नाही. तेव्हापासून प्रत्येक पाकिटाच्या झाकणाखाली बटरपेपरची एक पट्टी असते. पट्ट्या कापायचं काम अण्णांकडे आहे. ते त्या एकसारख्या कापतात आणि कापताना बोलत नाहीत.

आणि नेमक्या याच दिवसांत, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, बोंदेरांचा उत्सव येतो. वाड्यावाड्यांचे झेंडे, चित्ररथ, बँड, बांबूच्या नळीतून हिरवी फळं मारणारी पोरं. फेरीवर माणूस माणसाला चिकटलेला. वर्षभरात अण्णांकडे फिरकत नाहीत तितकी माणसं त्या एका दिवसात पुढच्या खोलीत शिरतात, कारण बाहेर पाऊस असतो. कोणाला ग्लेझ ऐकायचं नसतं. फळ्यांवरचे कप हादरतात. अण्णा हात पसरून फळीसमोर उभे राहतात, एक हिरवं फळ त्यांच्या कपाळाला लागतं, आणि दाराशी वहिनी झेंड्यांची कार्डं दोन्ही हातांनी विकत असतात. संध्याकाळी पैसे मोजताना त्यांनी काही म्हणू नये म्हणून अण्णाच आधी म्हणाले, "गर्दीला कलेतलं कळत नाही."

"नाही ना," वहिनी म्हणाल्या आणि रबरबँड शोधू लागल्या.

कार्ड ही काही कला नाही, हा अण्णांचा शेवटचा बुरूज होता. तो वहिनींनी हेन्‍री कोलला पुढे करून पाडला. छापील नाताळकार्ड पहिल्यांदा धंद्यासाठी काढलं ते लंडनच्या या गृहस्थाने, १८४३ मध्ये. चित्र जॉन हॉर्सलीकडून करून घेतलं, हजारभर प्रती छापल्या, किंमत लावली एक शिलिंग. त्या काळी ती महागच. चित्रातल्या कुटुंबात लहान मुलीच्या तोंडाशी वाइनचा पेला लावलेला म्हणून दारूबंदीवाले भडकले. "पुढे ऐका," वहिनी म्हणाल्या, "तीन वर्षांनी याच माणसाने फेलिक्स समरली असं टोपणनाव घेऊन चहाचा सेट काढला, मिंटनच्या कारखान्यात करून घेतला आणि त्याला बक्षीस मिळालं. म्हणजे आधी कार्ड. कप नंतर." अण्णांनी संध्याकाळपर्यंत यावर विचार केला. जेवताना त्यांनी एकच मुद्दा काढला, की टोपणनाव घेतलं म्हणजे तोही अनाम कारागीरच.

पण घाव लागला होता. पुढच्या महिन्यात अण्णांनी मातीचं कार्ड केलं. पणजीतल्या घरांवर दिसणाऱ्या निळ्या-पांढऱ्या फरशा डोळ्यासमोर ठेवून सहा बाय चारची पातळ लादी, वर कोबाल्टच्या निळ्यात फेरीबोट, मागे कच्च्या मातीत कोरलेला मजकूर. तुमचा निरोप १२२० अंशांवर भाजून मिळेल, हजार वर्षं टिकेल. पातळ लादी भट्टीत सरळ राहत नाही, कोपरे उचलते, त्यामुळे पहिली काही कार्डं टेबलावर ठेवली की डुलायची. अण्णांनी जाडी वाढवली. वजन वाढलं. किंमत अठराशे झाली. आणि खरोखरच पुण्याच्या एका आजोबांनी नातवाच्या वाढदिवसासाठी एक मागवलं, 'चिरंजीव' असं लिहून. त्यांनी विचारपूर्वक लिहिलं होतं की गंमत म्हणून, ते कळलं नाही.

बबलरॅप, थर्माकोल, खोका, त्याबाहेर लाकडी पट्ट्या. चारी बाजूंना लाल अक्षरांत 'फुटेल'. फेरीवर अण्णांनी खोका मांडीवर घेतला होता. पोरांनी फोन कानाला लावले नाहीत. कुतूहलाने जवळ आली. पलीकडच्या पोस्टात कारकुनाने तो काट्यावर ठेवला, काटा पाहिला आणि अण्णांकडे पाहिलं.

"भितर कितें आसा?"

"पत्र," अण्णा म्हणाले.

"पत्र?"

"भेटकार्ड. वाढदिवसाचं."

कारकुनाने खोका कानाशी नेऊन हलवला. अण्णांनी काउंटर धरला. वहिनी आपली पाच-सहा पाकिटं पेटीत टाकून आल्या आणि मागे येऊन उभ्या राहिल्या. तिकिटं मोठी होती, बरीच होती. कारकुनाने ती एकेक चाटून लाकडी पट्टीखालच्या मोकळ्या जागेत बसवली, मग लोखंडी शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि हात खांद्याच्या वर नेला.

"एक," वहिनी म्हणाल्या.